एस्पेलेतची मिरची आणि दहा गावांची हद्द

फ्रान्सच्या नैर्ऋत्य टोकाला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी, बास्क लोकांचे एस्पेलेत नावाचे लहानसे गाव आहे. शरद ऋतूत तेथील पांढऱ्या घरांच्या भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळा लटकू लागतात. पर्यटकांना ती सजावट वाटते. मुळात ते वाळवण आहे.

मिरची येथे आली ती सोळाव्या शतकात, अमेरिकेहून. काळी मिरी तेव्हा दूरदेशीची आणि महाग. हे नवे तिखट मात्र परसात उगवत होते. बास्क भाषेत त्याला ‘बिपेर’ नाव पडले, लॅटिन ‘पिपेर’वरून, म्हणजे मिरीवरूनच. त्याच शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरलेल्या फळाला आपणही मिरीवरूनच ‘मिरची’ म्हटले. एकमेकांची वार्ताही नसलेल्या दोन समाजांनी अनोळखी वस्तूला नाव देताना एकच वाट धरावी, हे मला फार मौजेचे वाटते.

पुढे कित्येक पिढ्या ही लागवड मुख्यतः घरच्या स्त्रियांकडे राहिली. उत्तम फळे निवडायची, त्यांचे बी पुढच्या वर्षासाठी राखायचे. या निवडीतूनच ‘गोर्रिया’ हे स्थानिक वाण घडले. बास्क भाषेत शब्दाचा अर्थ ‘लाल’. तिखटपणा जेमतेम, फार तर ४,००० स्कोव्हिल. आपल्या लवंगीपुढे ती बिचारी गोडच म्हणायची. पण तिचा सुगंध मोठा. जवळच्या बायोन शहरातील प्रसिद्ध खारवलेल्या मांसाला ती चोळतात, वासराच्या मांसाच्या ‘आशोआ’त घालतात आणि मिरपुडीच्या जागी ताटावर भुरभुरतात.

जे नाव गाजते ते इतरांच्या मालावरही चढू शकते. म्हणून २००० साली फ्रान्सने आणि २००२ साली युरोपीय संघाने या नावाला कायद्याचे कुंपण घातले. आता एस्पेलेत आणि भोवतालची नऊ गावे, एवढ्याच हद्दीत पिकलेल्या मिरचीला हे नाव लावता येते. तोडणी हातानेच करायची; पूड करण्यापूर्वी फळे किमान पंधरा दिवस मुरू द्यायची, मग भट्टीत सुकवून दळायची.

या संरक्षणामुळे परसातले पीक शेतकऱ्याच्या उत्पन्नाचे साधन झाले, यात शंका नाही. तरीही कुंपण म्हटले की कोणीतरी बाहेर राहतोच. दहांपैकी ऐनोआ हे गाव अगदी स्पेनच्या सरहद्दीला लागून आहे. त्या रेषेपलीकडेही बास्क लोकच राहतात, तीच भाषा बोलतात. तेथील एखाद्या शेतकऱ्याने हेच बी पेरले आणि मिरची तशीच लाल पिकली, तरी तिच्यावर हे नाव लिहिण्याचा अधिकार त्याला नाही.