कन्फेशन्स
उत्तर आफ्रिकेतील हिप्पो (आजच्या अल्जीरियातील अन्नाबा) येथील बिशप संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांचा लॅटिन आत्मकथनपर ग्रंथ. इ. स. ४०० च्या सुमारास लिहिलेला हा ग्रंथ १३ भागांचा असून सारे निवेदन देवाला उद्देशून आहे. त्यातील १६ व्या वर्षीची नासपतींची चोरी सर्वपरिचित आहे: घरी याहून चांगली फळे होती, चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली, चोरण्यातच मौज वाटली, हे ते लपवत नाहीत.

ग्रंथाचे खरे धैर्य मात्र दहाव्या भागात आहे. बाप्तिस्म्यापूर्वीच्या (३८७) पापांची कबुली त्या मानाने सोपी. येथे ते बिशपपदावर असतानाचे दोष सांगतात. जेवताना गरज कुठे संपते आणि जिभेचे चोचले कुठे सुरू होतात ते उमगत नाही, स्तुती हवीशी वाटते, घरात बसले असता पाल माश्या टिपू लागली की चित्त तिकडेच ओढले जाते. अनुयायांसमोर इतके उघडे होणारा धर्मगुरू विरळाच. अनेक वर्षे सोबत राहिलेल्या, आपल्या मुलाच्या आईचे नाव मात्र ते कुठेच देत नाहीत, ही उणीव सलते.

उतारवयात ‘रिट्रॅक्टेशन्स’मध्ये त्यांनी स्वतःचे ग्रंथ एकेक करून तपासले व त्यांतील चुका नोंदवल्या.