हिरव्या बटणावरचा हात

सातारा-सांगलीच्या बाजारपेठेत आता आवाजावर लागणारे दिवे, मोबाईलवरून चालणारे गिझर, घरमालक गावाला गेला तरी वेळेवर पडदे सरकवणाऱ्या मोटारी विकायला आल्या आहेत. जाहिरातीत या सगळ्याला ‘स्मार्ट होम’ म्हणतात आणि ही सोय जणू पहिल्यांदाच माणसाच्या हाती येते आहे असा तिचा सूर असतो. या दोन जिल्ह्यांपुरतं तरी ते खरं नाही. बटण न दाबता यंत्र चालू करण्याचा प्रयोग इथे शहरातल्या दिवाणखान्याच्या कितीतरी आधी, विहिरीच्या काठावर पत्र्याच्या पेटीत झाला. शेतीपंपाच्या स्टार्टरला जोडलेल्या ‘ऑटो स्विच’चा तो प्रयोग. त्याचा नफा-तोटा गावोगाव डोळ्यांसमोर आहे. तो इतिहास नीट वाचला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते: आपोआप चालणाऱ्या यंत्राची सोय ज्याच्या घरात असते त्याला मिळते, पण तिची किंमत बऱ्याचदा एकाच तारेवर बसलेले सगळे मिळून भरतात.

हा इतिहास मोटेपासून सुरू करावा लागतो. कातड्याची मोट, तिला ओढणारा जाड नाडा, सोंडेशी बांधलेला सोंदूर, विहिरीवरचं चाक, बैल उतरायची धाव आणि पाणी ओतलं जायचं ते थारोळं, एवढ्यावर कृष्णाकाठची बागायत शतकानुशतकं उभी होती. मोटेच्या आठवणीने हळवं होण्यात अर्थ नाही. ती माणसाला आणि बैलाला पिळून काढत असे, आणि मोटकऱ्याची पहाट कोंबड्याच्याही आधी उजाडत असे. पण तिच्यात एक बंधन आपसूक होतं. बैल थकले की पाणी थांबे. विहिरीत चौघांचे वाटे असले, कुणाचा चार आणे तर कुणाचा दोन आणे, तर पाळी ठरलेली असे आणि ती मोडायची तर शेजाऱ्याच्या डोळ्यांदेखत मोडावी लागे. पाणी किती, कधी आणि कुणाचं, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं विहिरीवर उभ्या असलेल्या माणसांकडूनच मिळत.

हे ओझं उतरवण्याचं काम याच मुलखात सुरू झालं. औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये कारखाना हलवला आणि किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगर आणि कडबा कापायच्या यंत्रापाठोपाठ 1926 च्या सुमारास तिथे पंप तयार होऊ लागले. ऑइल इंजिनांनी मोटेला पहिला धक्का दिला, विजेच्या मोटारीने तिचा शेवट केला. ही वीजही जवळच पिकली. पाटण तालुक्यात कोयनेचं पाणी अडवून ते सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीच्या वीजघरात उतरवलं गेलं आणि 1962 मध्ये पहिली वीज निघाली. पुढे टप्पे वाढत जाऊन कोयनेची क्षमता 1,900 मेगावॉटच्या वर गेली. या व्यवहारात एक मौज आहे. कृष्णा पाणीतंट्याच्या बच्छावत लवादाने वर्षाला 67.5 टीएमसी पाणी पश्चिमेला सोडायला मुभा दिली. म्हणजे कृष्णा खोऱ्याने आपल्या वाट्याचं काही पाणी घाटाखाली सोडायचं, त्याची वीज करायची आणि त्या विजेच्या बळावर उरलेलं पाणी खोऱ्यातच वर उचलायचं. पाणी आणि वीज हे इथे एकाच हिशेबाच्या वहीचे दोन रकाने आहेत.

विजेच्या मोटारीबरोबर स्टार्टरची पेटी आली. तिच्यावर दोन बटणं, हिरवं आणि लाल. आत एक ‘नो-व्होल्ट कॉइल’ असते. लाईट असेपर्यंत ती चुंबक होऊन संपर्क धरून ठेवते, लाईट गेली की सोडून देते. त्यामुळे लाईट परत आली तरी मोटर आपण होऊन सुरू होत नाही, कुणीतरी जाऊन हिरवं बटण दाबावं लागतं. पेटी बनवणाऱ्यांनी हे जाणूनबुजून ठेवलं होतं. अंधारात कुणाचा हात पट्ट्यावर असेल, विहिरीत कुणी उतरलं असेल, तीनपैकी एक फेज गेली असेल, तेव्हा माणसाने बघून मगच मोटर चालू करावी, हा त्यामागचा शहाणपणा. पण वीज टंचाईची झाली आणि हाच शहाणपणा जाच वाटू लागला. शेतीला थ्री फेज वीज दिवसातले ठरावीक तास मिळू लागली, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. त्यात मधूनच ती जायची आणि यायची. रात्री बाराला उठून बांधाबांधाने विहीर गाठायची, बटण दाबायचं, परत यायचं, आणि पाठ टेकते तोच लाईट पुन्हा गेलेली. यावर गावातल्याच मोटर रिवाइंडिंगवाल्याने किंवा बाजारात आयत्या मिळणाऱ्या छोट्या डबीने तोडगा काढला. तीन फेज आल्या की काही सेकंदांत ही डबी हिरवं बटण दाबल्याचं काम आपणच करते. शेतकरी घरी झोपलेला, मोटर शेतात चालू. घरगुती ऑटोमेशनची जाहिरात आज जे वचन देते, ते हेच.

आता त्याची किंमत आकड्यांत मोजू. पाच अश्वशक्तीची मोटर चालू असताना साधारण साडेसात अँपिअर करंट घेते. सुरू होतानाच्या काही सेकंदांत ती त्याच्या सहापट, म्हणजे जवळपास 45 अँपिअर ओढते. गावात ज्याला डीपी म्हणतात ते 100 केव्हीएचं रोहित्र पूर्ण भाराला 133 अँपिअरच्या आसपास देऊ शकतं. त्यावर अशा 15 मोटारी असल्या तर चालू स्थितीत त्यांची गरज सुमारे 112 अँपिअर, म्हणजे कागदावर सगळं आलबेल. पण लाईट येताक्षणी पंधराही ऑटो स्विच एकदम जागे झाले, तर मागणी 675 अँपिअरवर जाते, रोहित्राच्या ताकदीच्या पाचपट. दाब कोसळतो. दाब कोसळल्यामुळे मोटारी वेग घेत नाहीत आणि वेग घेत नाहीत म्हणून जास्तीचा करंट ओढतच राहतात. फ्यूज उडतो. दोन-तीनदा उडाला की कुणीतरी तिथे जाड तार बांधतो. मग तारेऐवजी डीपीतलं तेल तापतं, आतलं वेष्टण जळतं आणि ऐन उन्हाळ्यात, ऊस सुकत असताना, पंधराच्या पंधरा शेतं कोरडी राहतात. महावितरण वर्षानुवर्षं ‘ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा’ असं आवाहन करत आली आहे, त्यामागचं गणित हे एवढंच आहे.

इथे मोटेच्या काळापासून चालत आलेली एक न दिसणारी व्यवस्था मोडली, हे लक्षात घ्यायला हवं. हाताने बटण दाबायची रीत होती तेव्हा लाईट आल्यावर एकाची वस्ती विहिरीला लागून, तो दोन मिनिटांत पोचे. दुसरा गावठाणातून निघे, त्याला वीस मिनिटं लागत. तिसरा चहा पिऊन निघे. या चालण्यातच भार आपोआप विभागला जात होता. पायवाट हीच डीपीची राखणदार होती, आणि तिचं हे काम कुणाच्या ध्यानातही नव्हतं. डबीने शेतकऱ्याची पायपीट वाचवली, पण त्या पायपिटीत दडलेला उशीरही काढून टाकला. यंत्राने माणसाच्या हाताची जागा घेतली की हात करत असलेलं उघड काम तेवढं आपण मोजतो. त्याच हाताने नकळत होणारी कामं ती बंद पडल्यावरच कळतात.

दुसरी किंमत मातीने भरली. पंप चालू करणं सोपं, पण पाणी देणं म्हणजे पंप चालू करणं नव्हे. सरी भरली की दारं मोडून पाणी पुढच्या सरीत न्यावं लागतं. यालाच दारं धरणं म्हणतात. ऑटो स्विचने विहिरीवरचा माणूस घरी पाठवला, आणि रात्रीच्या पाळीला बरेचदा बांधावरचाही त्याच्या मागोमाग गेला. पाणी मोकाट वाहत राहिलं. आकारणी मीटरप्रमाणे न होता अश्वशक्तीवर होत असे, तिथे पंप दोन तास चालला काय नि आठ तास चालला काय, बिल तेवढंच. वाळवा, पलूस, मिरज भागांतल्या काळ्या, कमी निचऱ्याच्या जमिनींत उसाला सततचं पाणी मिळालं आणि हजारो एकर क्षारपड झाली. हा दोष एकट्या ऑटो स्विचच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. उपसा योजना, रासायनिक खतं, बुजलेले नैसर्गिक ओढे-नाले यांचा वाटा मोठा आहे, आणि जमिनी बिघडायला सुरुवात त्याआधीच झाली होती. पण पाणी बघायला माणूस नसणं हे त्या बिघाडाला पोसणारं कारण आहे. त्याच जमिनी सुधारण्यासाठी आता जमिनीखाली सच्छिद्र पाइप गाडून निचरा करावा लागतो. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने या विषयावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. फुकट वाटलेलं पाणी बाहेर काढायला पैसे मोजावे लागतात.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळं सुरक्षित घरात बसून लिहिणं सोपं आहे. रात्रीच्या पाळीला उसात जाणाऱ्याला सापाची, विजेच्या धक्क्याची भीती असते, आणि शिराळा-कराडकडच्या फडांत बिबट्याची. डीपी जळाला तर दुसरा बसेल, माणूस गेला तर? हा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाहीच, तो मान्यच करायला हवा. रात्रीची वीज ही शेतकऱ्याची निवड नव्हती. म्हणूनच ऑटो स्विच लावणाऱ्याला बेजबाबदार ठरवणं हे अर्धं सत्य आहे. रात्री वीज देणाऱ्या व्यवस्थेने त्याला त्या डबीकडे ढकललं. पण यातून निघणारा निष्कर्ष दिवसा वीज मिळावी हा आहे. सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये आली ती याच मागणीतून. सोय हवी, यावर वाद नाही. ती सोय शेजाऱ्याच्या पिकावर उभी राहू नये, एवढाच मुद्दा आहे.

दुसरा आक्षेप इतिहासातूनच येतो. नव्या अवजाराला विरोध तर नेहमीच होतो. लोखंडी नांगराने जमीन नासते, असं म्हणून किर्लोस्करांच्या नांगराकडेही शेतकऱ्यांनी सुरुवातीला पाठ फिरवली होती. तेव्हाचे शंकेखोर चुकले, मग आजचे का चुकणार नाहीत? फरक असा, की नांगर वाईट निघाला असता तर नुकसान नांगर घेणाऱ्याच्याच वावरात झालं असतं. त्याला आपली चूक कळली असती आणि सुधारता आली असती. ऑटो स्विचचं तसं नाही. तो लावणाऱ्याला फायदा ताबडतोब दिसतो आणि तोटा पंधरा जणांत वाटला जातो. शिवाय बाकीच्या चौदांनी लावला असताना एकट्याने काढला, तर त्याची मोटर सगळ्यांत शेवटी सुरू होणार आणि डीपी तर तरीही जळणार. शहाणपण एकट्याने करून भागत नाही, अशी ही जात आहे. तिसरा आक्षेप, की वीज कंपनी आपला ढिसाळपणा शेतकऱ्यावर ढकलते, यातही तथ्य आहे. तेलचोरी, वाढवून न दिलेली क्षमता, रखडलेली दुरुस्ती यांनीही रोहित्रं जळतात. पण दोष कुणाचाही असो, सहापट करंटचं गणित बदलत नाही.

मग यंत्रच टाकून द्यायचं का? इतिहास तसं सांगत नाही. ऑटो स्विचनंतर मोबाईल स्टार्टर आले. पेटीत सिमकार्ड, घरून एक फोन लावला की मोटर चालू. लाईट आहे का, विहिरीत पाणी आहे का, हेही कळतं. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ने या वाटेवर नाव कमावलं. यात माणूस विहिरीवर नसला तरी निर्णय त्याच्याकडे परत येतो. साध्या ऑटो स्विचलाही थोडा उशीर लावता येतो, एकाला एक मिनिट, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला पाच. पायवाटेने जे नकळत केलं ते टायमरकडून मुद्दाम करून घ्यायचं. 2018 नंतर उच्चदाब वितरण प्रणालीत एक-दोन शेतकऱ्यांना मिळून एक छोटं रोहित्र देण्याचा मार्गही आला. तो परिणामकारक आहे, पण खर्चिक. आणि त्याचा अर्थ असा, की पंधरा जणांचं एकमत करण्यापेक्षा जास्त रोहित्रं बसवणं आपल्याला सोपं वाटलं.

एकमत होतच नाही, असं मात्र सांगली जिल्ह्याला म्हणता येणार नाही. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात ऑगस्ट 2022 पासून संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि घराघरांतले टीव्ही, मोबाईल दीड तास बंद होतात. कोरोनाच्या काळात ऑनलाइन शाळेने मुलांच्या हाती दिलेला मोबाईल सुटेना, म्हणून गावाने हा उपाय काढला. तंत्र म्हणून पाहिलं तर त्यात काहीच नवं नाही, एक भोंगा आणि एक घड्याळ. पण एकट्या घराला जे जमत नव्हतं ते सगळ्यांनी एकाच वेळी केल्यामुळे जमलं. जसं एक गाव ठरवून सगळे पडदे एकदम बंद करू शकतं, तसं दुसरं गाव ठरवून मोटारी एकामागून एक सुरूही करू शकतं.

2024 पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीजबिल माफ झालं आहे, आणि असे पंप 40 लाखांहून अधिक आहेत. त्यामुळे पंप विनाकारण चालू ठेवण्याला बिलाचा उरलासुरला धाकही गेला. दुसरीकडे शहरांत घरोघर गिझर, एसी, गाडीचे चार्जर वेळापत्रकावर चालू लागले आहेत. पहाटे सहाला सगळ्या इमारतीचे गिझर एकाच सेकंदाला लागले, तर त्या इमारतीच्या डीपीला गावातल्या डीपीचंच गणित लागू पडेल. स्मार्ट उपकरण घेताना आपण त्याची किंमत, वॉरंटी, ॲप विचारतो. सातारा-सांगलीच्या विहिरींनी आणखी एक प्रश्न शिकवला आहे, तोही दुकानात विचारावा: हेच यंत्र माझ्या ओळीतल्या सगळ्यांनी बसवलं, तर काय होईल?