निमे वेतन ते ओवाळणी

सरकारी खजिन्यातून स्त्रीच्या हाती रोख पैसा जावा, ही गोष्ट अगदी काल-परवाची, असा पुष्कळांचा समज आहे. तो या व्याख्यानापुरता बाजूला ठेवावा, अशी आमची श्रोत्यांस विनंती आहे. अफझलखानाच्या प्रसंगी, 1659 साली, जे लोक कामास आले त्यांच्या घरांची तजवीज शिवाजी महाराजांनी कशी लावली, हे कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत नमूद केले आहे. ज्यांना मुलगे होते त्यांचे मुलगे चालविले. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निमे वेतन बांधून दिले. पेशवाईत अशीच तजवीज 'बालपरवेशी' या नावाने चालू होती. सभासदाने बखर लिहिली ती घटनेनंतर तीस-पस्तीस वर्षांनी, जिंजीस. तेव्हा बारीकसारीक तपशिलाचा आग्रह कोणी धरू नये. पण असे करणे राजाचे कर्तव्य आहे ही समजूत त्या काळी होती, एवढे त्यावरून खास ठरते.

या दाखल्यात एक मेख मात्र आहे. बाईला वेतन मिळाले ते मुलगा नव्हता म्हणून, आणि तेही मेलेल्या शिपायाची बायको म्हणून. पैसा किती, याची चर्चा आपण चवीने करतो. परंतु कोणत्या नात्याने आणि कोणाच्या हाती, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

हा प्रश्न एकट्या आपल्याच समाजाला पडला असे नव्हे. इंग्लंडात एलिनॉर रॅथबोन या बाईंनी जवळजवळ सारे आयुष्य एका मागणीपायी वेचले. मुलांच्या संगोपनासाठी सरकारने भत्ता द्यावा आणि तो आईला द्यावा, ही ती मागणी. 1945 साली विधेयक आले तेव्हा त्यात पैसे बापाच्या नावे ठेवलेले होते. बाईंनी निकराचा विरोध केला, सभासदांना पक्षादेशातून मोकळीक मिळाली आणि कायदा झाला तो आईच्या बाजूने. पहिले मूल वगळून दर मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग. 1946 च्या ऑगस्टात पैसे वाटले गेले. बाई त्याच वर्षी जानेवारीत वारल्या होत्या. पुढे 1997 साली मेक्सिकोने गरीब घरांना रोख मदत सुरू केली तेव्हाही पैसे आईच्याच हाती दिले. मात्र मुले शाळेत आणि दवाखान्यात नेण्याची अट घातली, म्हणजे पैशाबरोबर कामही तिच्याच पदरात टाकले.

आता आपल्या कासारवाडीकडे वळू. लोहमार्ग आणि मुंबई-पुणे रस्ता यांच्या कडेने वाढलेली ही वस्ती. शेजारी पिंपरीला 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढच्या दशकात औद्योगिक वसाहत आली, आणि या पट्ट्यात पगाराचे पाकीट हे घराचे दैवत झाले. ते पाकीट पुरुषाच्या खिशात येई. त्यातले घरात किती पोहोचले, हे पगाराच्या रात्री ठरे. याच सुमारास, 1972 च्या दुष्काळात, मराठवाड्यातून आणि नगर-सोलापुराकडून कितीतरी कुटुंबे पोट हातावर घेऊन इकडे आली. जी मागे राहिली त्यांतल्या बायका दुष्काळी कामावर खडी फोडीत होत्या.

त्या खडीतून एक कायदा निघाला. वि. स. पागे यांनी 1965 साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे करून पाहिलेला प्रयोग दुष्काळात राज्यभर पसरला, 1977 साली रोजगार हमीचा अधिनियम झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. स्त्री-पुरुषांना एकच दर, कामावर लहान मुलांना सांभाळण्याची सोय, आणि काम देता आले नाही तर बेकारभत्ता. यासाठी पैसा उभा करायला 1975 साली व्यवसाय कर बसविला गेला. पगारपत्रकावर दर महिन्याला जो कापला जातो, तोच हा. पिंपरीच्या कामगाराच्या पगारातून कापलेले रुपये दुष्काळी गावातल्या बाईच्या मजुरीत जात होते, हे त्या कामगारांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. आमच्या मते महाराष्ट्राने स्त्रीच्या हाती दिलेल्या पैशांत सर्वांत सन्मानाचा पैसा हाच. ती कोणाची विधवा नव्हती की कोणाची बहीण नव्हती. कामावर आलेली मजूर होती आणि मागणे कायद्याने मागत होती.

1980 साली संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. तिची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाही. तिच्यामुळे अनेक म्हाताऱ्या, टाकलेल्या, विधवा बायकांची चूल पेटली. पण वर्षानुवर्षे तिची अट होती कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असण्याची. निराधार ठरण्यासाठी बाईने प्रथम आपली निराधारता तहसील कचेरीत सिद्ध करायची.

मग आली लाडकी बहीण. मध्य प्रदेशाने 2023 साली काढलेल्या योजनेच्या धर्तीवर 28 जून 2024 रोजी अर्थसंकल्पात तिची घोषणा झाली. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या 21 ते 65 वर्षांच्या बाईला महिना 1,500 रुपये, तेही थेट तिच्या आधारशी जोडलेल्या खात्यात. पिवळी वा केशरी शिधापत्रिका असली की उत्पन्नाच्या दाखल्यातूनही सुटका. राखी पौर्णिमेच्या तोंडावर दोन महिन्यांचे 3,000 रुपये खात्यांत पडले आणि 17 ऑगस्टला इथून फारशा दूर नसलेल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मोठा समारंभ झाला. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. त्यावर अधिक बोलण्याची गरज नाही.

या पैशाची टवाळी करणाऱ्यांत आम्ही नाही. दोन घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला नवऱ्यापुढे हात न पसरता भिशीचा हप्ता भरता येणे, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु या योजनेमागे विधिमंडळाचा कायदा नाही, शासन निर्णय आहे. आणि नाव बहिणीचे आहे. भाऊ ओवाळणी घालतो ती आपल्या खुशीने. ताटात किती पडावे हे बहिणीने सांगायचे नसते, आणि पुढच्या वर्षी कमी पडले तर कज्जा करायचा नसतो. रोजगार हमीच्या बाईला काम नाकारले तर तिच्यापाशी कायद्याचे कलम होते. ओवाळणीला कलम नसते.

2025 च्या सप्टेंबरात हे उघड झाले. लाभार्थींची ओळख पटविणे सक्तीचे झाले आणि त्यासाठी बाईच्या आधारबरोबर पतीचा वा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा संकेतांकही लागू लागला. कुटुंबाचे उत्पन्न पडताळायचे तर हे हवेच, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही आहे. पण खाते तिचे आणि किल्ली त्याच्या खिशात, असा हा प्रकार झाला. नांदत नसलेल्या नवऱ्याकडे हा आकडा मागायला कोणी जायचे? ज्यांचे पती वा वडील हयात नव्हते, ज्यांचा घटस्फोट झाला होता, त्यांच्यासाठी मागाहून वाट काढावी लागली आणि मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढविली गेली. मेलेल्या नवऱ्याचा मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे नेऊन द्यावा, मग पंधराशे रुपये चालू राहतील, अशी ती वाट होती.