चप्पल चावते तेव्हा

मराठीत चप्पल चावते. धुळ्याकडच्या अहिराणीत 'चप्पल चावस' म्हणतात. कुत्रं चावलं तर दोष कुत्र्याचा. चप्पल चावली की दोष मात्र पायाचा. 'ताई, तुमचा पायच रुंद आहे,' हे मी जळगाव-धुळ्याच्या दुकानांत कितीदा तरी ऐकलंय. मग लग्नसराईत उंच टाचांची नवी सँडल घरी आली की कापूस, मेणबत्ती, खोबरेल तेल आणि चिकटपट्टी बाहेर निघते. या घरगुती खटाटोपामागे मोठा इतिहास आहे.

उंच टाच मुळात चालण्यासाठी नव्हतीच. इराणी घोडेस्वार ती वापरायचे. टाच रिकिबीत अडकली की स्वाराला उभं राहून बाण सोडता यायचा. 1600च्या सुमारास ती युरोपातल्या उमरावांच्या पायात आली. फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचांचे जोडे मिरवायचा. अठराव्या शतकात पुरुषांनी टाच सोडली, बायकांकडे ती राहिली. 1950च्या दशकात टाचेच्या आत पोलादी कांब आली आणि टाच सुईसारखी बारीक झाली.

आपल्याकडे बायकांच्या पायात जोडा असणं हीच मुळात बंडखोरी होती. काशीबाई कानिटकर आणि आनंदीबाई जोशी जोडे घालून, हातात छत्री घेऊन रस्त्यानं निघाल्या म्हणून त्यांच्यावर दगड फेकले गेले. जोडा आणि छत्री हा पुरुषांचा मान समजला जायचा. दलितांना तर सवर्णांच्या दारावरून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत. माझी आजी शिरपूरकडची. कापसाच्या काळ्या रानात ती अनवाणीच राबली, आणि वडीलधाऱ्यांसमोर तिनं कधी पायात चप्पल ठेवली नाही.

ज्यांना जोडा मिळायचा, त्यांना तो मापाचा मिळायचा. चर्मकार पाय बघून कातडं कापायचा. ज्याच्या हाताशिवाय गावाचं पाऊल पुढं पडत नव्हतं, त्याचं घर मात्र गावानं वेशीबाहेर ठेवलं. पुढं कारखाने आले. 1930च्या दशकात कोलकात्याजवळ बाटानगर उभं राहिलं, आणि पायाचं माप जाऊन नंबर आला. आपण वापरतो तो नंबर इंग्रजी पद्धतीचा. त्यात एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे जवाच्या एका दाण्याची लांबी. आपल्याकडेही आठ जवांचं एक अंगुळ धरत, पण तिथं दाणे आडवे मांडायचे. इंग्रजी जव पायाची लांबी सांगतो, रुंदी सांगत नाही.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं 2021-22मध्ये देशभरात 79 ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. निष्कर्ष असा, की भारतीय पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा रुंद असतात. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली. म्हणजे दुकानदाराचं वाक्य खरं होतं, फक्त चूक पायाची नव्हती.

आता घरच्या उपायांकडे येऊ. तेल लावून जोडा सैल करायचा, ही रीत कातड्याच्या काळातली. तेलानं कातडं मऊ होतं, ताणलं जातं आणि पायाचा आकार घेतं. कोल्हापुरी चप्पल अशीच वळणावर येते. आजच्या बहुतेक स्वस्त सँडल रेक्झिनच्या असतात. त्यांना तेल मानवत नाही. पाय आतल्या आत घसरतो, चप्पल तेवढीच घट्ट राहते.

टाच उंच असली की अंगाचं वजन पुढं सरकून चवड्यावर येतं आणि बोटं टोकाला दाबली जातात. म्हणून पातळ फोमची गादी चवड्याखाली चिकटवावी. बोटांखाली ठेवली तर जागा आणखी कमी होते. मागून पाय निसटत असेल तर टाचेच्या मागच्या बाजूला आतून फेल्टचा तुकडा लावावा. कडेला मेणबत्ती घासली की घर्षण कमी होतं. पट्टा सैल करायचा असेल तर एक भोक वाढवावं. टाच मात्र घरी कापू नये. सँडलच्या तळात पोलादी पट्टी असते आणि ती त्याच उंचीला वाकवलेली असते. चांगला कारागीर सेंटिमीटरभर टाच कमी करून देतो. त्याहून जास्त कापली तर पुढचं टोक वर उचलतं आणि चालच बिघडते. आणखी एक, चप्पल संध्याकाळी घ्यावी. दिवसभर चालून, उभं राहून पाय थोडे सुजतात, आणि खान्देशातल्या मे महिन्यात जरा जास्तच.

एवढं करूनही चावत असेल तर ती चप्पल परत करावी. रस्त्यावर चपला घालून चालता यावं म्हणून आपल्या आधीच्या बायकांनी दगड खाल्लेत. आपण निदान फोड तरी खाऊ नयेत.