सोबत्याला ठाऊक हवं
मोशीहून चाकणकडे कंपनीच्या बसमधून जाणारी विशीतली पोरं पाहिली, की मला र. धों. कर्वे आठवतात. लैंगिक शंकांना छापील उत्तरं देणारं ‘समाजस्वास्थ्य’ त्यांनी १९२७ ते १९५३ चालवलं, खटले सोसले. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते.

पुढे एचआयव्ही आला. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेबरोबर वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांनीच निरोध वाटले, एकमेकींना समजावलं. उपदेशकाला जे विचारता येत नाही, ते सोबतिणीला विचारता येतं.

तरीही २००७ मध्ये राज्य सरकारनं शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं. मग घर सोडून आलेल्या पोरांनी विचारायचं कुणाला? ती खोलीतल्या सोबत्यालाच विचारणार. तेव्हा मंडळी, त्या सोबत्याला तरी खरं ठाऊक असू द्या.