मोटारींतील हवेची गाळणी

हिवाळ्यांत मोटार उबदार ठेवणारीं जुनीं यंत्रें बहुधा आंतलीच शिळी हवा पुनःपुन्हा तापवीत. १९३८ सालीं अमेरिकेंतील नॅश कंपनीनें बाहेरची ताजी हवा ऊन करून आंत सोडण्याची योजना आणली. शीतकपाटें बनविणाऱ्या केल्व्हिनेटर कंपनीशीं १९३७ सालीं झालेलें एकीकरण तिला येथें उपयोगी पडलें. पण ताज्या हवेबरोबर धूळ येणारच! म्हणून हवेच्या वाटेंत गाळणी बसली.

आज ती पुष्कळ मोटारींत पुढच्या बैठकीसमोरील खणामागें असते. खण उतरवावा, मळकी गाळणी ओढून काढावी, हवेच्या दिशेचा बाण पाहून नवी सरकवावी; कारागीर क्वचितच लागतो. तरी इंजिनाचें तेल नेमानें बदलणारे गृहस्थही हिला विसरतात. मग झोत मंदावतो, पावसाळ्यांत कांच लवकर निवळत नाहीं आणि कुबट वास सुटतो.