अग्निगोल, धुराची रेघ आणि मद्रासचे दोन वेध

शुक्राहूनही तेजस्वी, म्हणजे साधारण उणे 4 प्रतीपेक्षा उजळ दिसणाऱ्या उल्केला अग्निगोल म्हणतात. प्रतींमध्ये पाचाचा फरक म्हणजे तेजात शंभरपट फरक, हे गणित नॉर्मन पॉग्सन यांनी 1856 साली मांडले. 1861 पासून ते मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, वेधशाळेत शासकीय खगोलविद होते. उल्कांच्या इतिहासातील एक अपुरे राहिलेले प्रकरणही त्यांच्याच नावावर आहे.

27 नोव्हेंबर 1872 रोजी युरोपात हजारो उल्का दिसल्या. त्या साऱ्या देवयानी तारकासमूहातील एकाच बिंदूतून निघाल्यासारख्या भासत होत्या. वस्तुतः त्यांचे मार्ग समांतर होते. रेल्वेचे रूळ दूरवर एकत्र आल्यासारखे दिसतात, तसाच हा भास. 1852 नंतर न दिसलेल्या बिएला धूमकेतूचेच हे कण होते. धूमकेतू पृथ्वीजवळून पुढे गेला असेल, तर तो त्या बिंदूच्या विरुद्ध दिशेला, नरतुरंग समूहात सापडावा, असा तर्क गटिंगेनचे क्लिंकरफ्यूस यांनी केला. त्यांच्याकडून तो भाग दिसत नव्हता. म्हणून त्यांनी मद्रासला तार पाठवली. ढग हटताच पॉग्सन यांना त्या भागात खरोखरच एक धूमकेतू दिसला. लागोपाठ दोन पहाटे वेध मिळाले आणि आभाळ पुन्हा भरून आले. कक्षा ठरवण्यास तीन वेध लागतात. तो बिएला नसावा, असे पुढील गणितावरून दिसले. मग तो कोणता, हे मात्र कायमचे अनिर्णित राहिले.

अग्निगोलाचेही असेच आहे. डोळ्याला दिशा कळते, अंतर कळत नाही. शेकडो किलोमीटर दूर विझलेला गोळा शेजारच्या टेकडीमागे पडल्यासारखा वाटतो; थेट समोरून येणारा जागच्या जागी उजळताना दिसतो. मागे उरणारी धुराची रेघ सूक्ष्म धूलिकणांची असते. वेगवेगळ्या उंचीवरचे वारे तिला निरनिराळ्या दिशांना ओढतात आणि सरळ रेघ काही मिनिटांत नागमोडी होते. त्यामुळे उशिरा पाहणाऱ्याला उल्काच वळत गेल्याचा भ्रम होतो.

म्हणून दोन साक्षीदारांची वर्णने जुळली नाहीत, तरी दोघेही खरे असू शकतात. दूरच्या दोन ठिकाणांहून वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनचा कोन नोंदला असेल, तर त्या विसंगतीतूनच उल्केची उंची आणि मार्ग काढता येतो. एकट्या नोंदीला ते साधत नाही.